सही तुमची, मॅडम

हलिमाआपा नाडी मोजायच्या ती पुरतं एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून आकडा दुप्पट करायची सवय आम्हा बाकीच्या नर्सेसना होती आणि घाईच्या वॉर्डात त्याला कुणी हरकतही घेत नसे. आपा घेत. "पुढच्या अर्ध्या मिनिटात ती चुकली तर?" असं म्हणून त्या गणवेशावर उलटं टाचलेलं घड्याळ दोन बोटांनी वर धरायच्या आणि साठ सेकंद कुणाशीही बोलायच्या नाहीत. एकदा हॉस्पिटलचे मालक पाहुण्यांना घेऊन वॉर्डात आले आणि "गुड मॉर्निंग सिस्टर" म्हणाले. आपांनी डाव्या हाताचा पंजा त्यांच्यासमोर धरला. मालक थांबले, पाहुणे थांबले. मिनिट संपलं तेव्हा आपांनी आकडा लिहिला, पेशंटचा हात चादरीवर नीट ठेवला आणि मग हसून म्हणाल्या, "गुड मॉर्निंग सर."

आखातातल्या उम्म अल कुवैनमधलं आमचं हॉस्पिटल तसं लहानच. पुढे हायवे, मागे खारफुटी. ओहोटीला मागच्या खिडकीतून चिखलाचा वास आला की आम्ही खिडकी लावून घ्यायचो आणि आपा ती परत उघडायच्या. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावात त्यांचा जन्म. "आमच्या घरात हाच वास होता गो," म्हणायच्या.

मी पुण्याहून बी.एस्सी. नर्सिंग करून तिथे रुजू झाले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माझं लायसन्स रजिस्टर्ड नर्सचं. आपांचं असिस्टंट नर्सचं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्यांनी गावाकडे दोन वर्षांचा छोटा कोर्स केला होता, त्यावर हे लायसन्स मिळालेलं. माझा गणवेश पांढरा, त्यांचा आकाशी. वयाने त्या माझ्या आईएवढ्या, आणि मी दहावीची परीक्षा देत होते तेव्हापासून त्या याच वॉर्डात काम करत होत्या.

कामाची वाटणी अशी, की नवा पेशंट दाखल झाला की त्याचं वजन, उंची, ताप, बीपी, नाडी हे असिस्टंटने बघायचं. त्याला खाट दाखवायची, बेल कशी वाजवायची ते सांगायचं. पण ॲडमिशन असेसमेंट, म्हणजे त्याला काय होतंय, आधी काय झालं होतं, तो पडण्याची भीती किती, त्याची काळजी कशी घ्यायची, हे तपासून ठरवायचं काम रजिस्टर्ड नर्सचं. खाली सहीही तिचीच.

माझ्या पहिल्या पेशंटला आपांनी काट्यावर उभं केलं, खाटेवर निजवलं, आपले आकडे भरले आणि खाटेजवळची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "या मॅडम, इथून पुढे तुमचं."

मला संकोच वाटला. मी म्हटलं, "आपा, तुम्हीच विचारा ना. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"सही तुमची, मॅडम," एवढंच त्या म्हणाल्या आणि पाण्याचा जग भरायला निघून गेल्या.

नंतर पॅन्ट्रीत मला गाठलं. चारचौघांत 'मॅडम' आणि 'तुम्ही', एकटी सापडले की 'बाय' आणि 'तू', हा त्यांचा शिरस्ता तेव्हा कळला. "बाय, पेशंटसमोर मला मोठी करू नको. मग तो तुझं ऐकायचा नाय. आणि एक ध्यानात ठेव. मला येत नाय म्हणून मी थांबत नाय. मला येतं. माझ्या कागदावर नाय म्हणून थांबते."

हे त्या जराही कडवटपणाने बोलल्या नाहीत. डब्यातलं सांदण माझ्या हातावर ठेवत बोलल्या.

त्यांच्या लायसन्सला मर्यादा होती, डोळ्यांना नव्हती. पण जे दिसलं तेवढंच त्या सांगायच्या, त्याचा अर्थ सांगायच्या नाहीत. 'पेशंट घाबरलाय' असं आपांच्या तोंडून कधी आलं नाही. 'पेशंट तीन वेळा दाराकडे बघून बोलला' असं यायचं. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. सरळ सांगा ना काय ते! एकदा पोट दुखतं म्हणून एक तरुण बाई दाखल झाली. बरोबर नवरा. आपा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, ती प्रत्येक उत्तर नवऱ्याकडे बघून देते. डॉक्टरांनी पाळीचं विचारलं तर बोटातली अंगठी फिरवत बसली." आणि गेल्या. मी नवऱ्याला इन्शुरन्सच्या कागदाचं निमित्त करून खाली पाठवलं. तो लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर ती बाई रडायला लागली. पाळी चुकून दोन महिने झाले होते आणि घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा एक्स-रे अर्ध्या तासात व्हायचा होता. तो आधी थांबवला.

भाषा त्यांना पाच-सहा येत, सगळ्या मोडक्या आणि सगळ्या पुरेशा. औषधं वेळेवर घेता का, असं विचारल्यावर इथे पुष्कळ लोक "इन्शाल्ला" म्हणतात, म्हणजे देवाची इच्छा असेल तर. आपा स्वतः पाच वेळा नमाज पढणाऱ्या, पण हे उत्तर त्या चालू देत नसत. "इन्शाल्ला उद्याच्या गोळीसाठी. कालची घेतली की नाय ते बोला." म्हातारे अरब पेशंट खो खो हसायचे आणि खरं ते सांगून टाकायचे.

मी नवऱ्याबरोबर शारजात अल नहदाला राहायचे. आपा हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहत, पण सुट्टीला मुलीकडे यायच्या आणि मुलगीही अल नहदालाच. त्यामुळे आठवड्यातून एकदा त्या माझ्या गाडीत असत. अशाच एका प्रवासात त्यांनी आपल्या नवऱ्याचं सांगितलं.

नवरा खोर फक्कानला बंदराजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर होता. लायसन्स छोट्या गाडीचं, पण गावाकडे त्याने ट्रक चालवला होता. एक दिवस ट्रेलरचा ड्रायव्हर आला नाही. फोरमन म्हणाला, यल्ला, चल, तुला येतो ना, गेटपर्यंत तर न्यायचाय. याने नेला. गेटजवळ वळताना मागच्या भागाने एका माणसाला भिंतीशी दाबलं. माणूस वाचला, पण पायाने अधू झाला.

"सगळे त्यालाच बोलले, तुझं लायसन्स कुठाय? फोरमनला कुणी काय बोललं नाय. त्याने तोंडी सांगितलेलं, त्याचा कागद कुठे?" आपा समोरच्या रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "खटला झाला, सजा भोगली, मग कायमचा गावाला. ट्रेलर त्याला चांगला येत होता हां. वळणावर माणूस आला, ते कुणाच्याही हातून झालं असतं. पण ज्याच्याकडे लायसन्स असतं, त्याच्या हातून झालं तर तो अपघात. आमच्या हातून झालं तर गुन्हा."

नवरा पुढे गावी आजारपणात गेला. मुलीला घेऊन आपा इथे आल्या त्या त्यानंतर. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एवढं ऐकूनही मी जे केलं ते आता सांगते.

त्या दुपारी वॉर्डात आम्ही दोघीच रजिस्टर्ड नर्सेस, त्यातली एक ऑपरेशनच्या पेशंटबरोबर खाली अडकलेली. माझ्याकडे एका बाईचं रक्त चढत होतं आणि दुसऱ्या खोलीत दम्याचा पेशंट. त्यात नवा पेशंट आला. अबू राशिद, सत्तरी ओलांडलेले इमिराती मच्छीमार. कागदावर लिहिलेलं: लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, अशक्तपणा. बरोबर मुलगा राशिद. म्हातारबाबांनी व्हीलचेअर नाकारली होती आणि ते लिफ्टपासून चालत आले होते.

दहा मिनिटांनी आपा माझ्यापाशी आल्या. "मॅडम, पेशंट तयार आहे."

मी रक्ताच्या पिशवीवरून नजर न काढता म्हटलं, "आपा, प्लीज, आजच्या दिवस तुम्हीच भरून टाका. माझं लॉगिन वापरा." आणि माझा पासवर्ड त्यांना हळूच सांगितला. "साधं युरिन इन्फेक्शन आहे. चालत आलाय, पडण्याची भीती नाही असं टाका. मी नंतर बघते."

आपा हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी त्याआधी असा कधी बघितला नव्हता. रागावलेला नव्हता. दुखावल्यासारखा होता.

"पासवर्ड मी ऐकला नाय," त्या म्हणाल्या. "मी बघितलं ते सांगते. चालताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. दोन वेळा. त्यांना कळलंच नाय. एक पाय चपलेत, एक अनवाणी, तसेच चालत राहिले. मी उचलून घातली, पुढे परत निसटली. आणि झग्याचा, त्या कंदुऱ्याचा, वरचा हुक लावायला उजवा हातच गळ्याशी नेतात, डावा मांडीवर पडून असतो."

"अशक्तपणा असेल."

"असेल. ते तुम्ही बघून बोला." मग आवाज खाली आला. "बाय, या बाईजवळ मी उभी राहते. काय वाटलं तर लगेच हाक मारते. तू जा. पाच मिनिटं जा."

खरं सांगायचं तर मी चिडले होते. पाय आपटतच त्या खोलीत गेले.

अबू राशिद खाटेवर बसून प्रसन्नपणे हसले. जुन्या काळी ते लाँचमधून मुंबईला जाऊन आलेले. "बंबई देखा मैं," त्यांनी मला लगेच सांगितलं. बोलणं स्पष्ट, फक्त जरा सावकाश. मी म्हटलं, बाबा, डोळे मिटा आणि दोन्ही हात समोर धरा. त्यांनी धरले. उजवा हात जागच्या जागी राहिला. डावा हात हळूहळू वळत खाली जायला लागला, आणि ते मिटल्या डोळ्यांनी हसतच होते. त्यांच्या मते दोन्ही हात वरच होते.

मी राशिदला विचारलं, "हे पडले होते का कुठे? डोक्याला काही लागलं?"

"नहीं नहीं," तो म्हणाला. मग थांबला. "सिस्टर, तीन-चार हफ्ता पहले बोट के दरवाज़े से सर टकराया था। छोटा सा। खून भी नहीं निकला।"

"रक्त पातळ करायची गोळी घेतात?"

"हाँ, दिल के लिए।"

मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. तासाभरात डोक्याचा स्कॅन झाला. कवटीच्या आत उजव्या बाजूला रक्त साकळलं होतं, इतके दिवस थेंब थेंब साठत मेंदूवर दाब आणत होतं. ॲम्ब्युलन्सने त्यांना शारजाच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे ऑपरेशन झालं. मी 'पडण्याची भीती नाही' असं लिहिलं असतं तर ते संध्याकाळी एकटे बाथरूमला गेले असते. पुढचं मी अजूनही मनात पूर्ण करत नाही.

आपांनी त्या दिवशी एवढंच विचारलं, "रक्त चढवून झालं त्या बाईचं. आता चहा घेणार का मॅडम?"

पंधरा-वीस दिवसांनी अबू राशिद स्वतःच्या पायांनी वॉर्डात आले, मागे राशिद बर्फातल्या माशांचा खोका घेऊन. सगळ्यांना आनंद झाला. आणि त्या आनंदातूनच संकट उभं राहिलं. राशिदने हॉस्पिटलला कौतुकाचं पत्र दिलं. त्यात लिहिलं, की 'आकाशी कपड्यातल्या सिस्टर हलिमांनी माझ्या वडिलांना तपासलं, त्यांचा आजार ओळखला आणि त्यांचा जीव वाचवला.'

तपासलं. आजार ओळखला. आकाशी कपड्यातल्या.

दोन दिवसांनी आम्हा दोघींना नर्सिंग डायरेक्टरांचं बोलावणं आलं. मिस हनान जॉर्डनच्या. बाई कडक, पण कान उघडे ठेवणाऱ्या. पत्र टेबलावर होतं. असिस्टंट नर्सने ॲडमिशन असेसमेंट केलं असेल तर ते लायसन्सबाहेरचं काम, आणि तसं असेल तर वर कळवावं लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आपांचं लायसन्स पुढच्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. जीव वाचला म्हणून कुणाची नोकरी जाऊ शकते, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं.

आपांनी हात मांडीवर ठेवले होते. म्हणाल्या, "मॅडम, मी तपासलं नाय. मी चप्पल बघितली."

मिस हनाननी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. आपांच्या लॉगिनवर बीपी, नाडी, ताप, वजन आणि निरीक्षणाच्या रकान्यात साध्या इंग्रजीत चार ओळी होत्या. डावी चप्पल दोन वेळा निसटली. पेशंटच्या लक्षात आलं नाही. डावा हात वापरत नाही. रजिस्टर्ड नर्सला बोलावलं, सांगितलं. पुढे वेळ. त्याखाली माझं असेसमेंट, माझ्या लॉगिनवर, माझ्या सहीने. कुठेही 'लकवा' नाही, 'मेंदू' नाही. आपांनी एक शब्द जास्त लिहिला नव्हता.

मिस हनाननी ते सगळं वाचलं. मग माझ्याकडे वळल्या. "तिने तुला बोलावल्याची ही वेळ आणि तू खोलीत गेल्याची ही. मध्ये सहा मिनिटं आहेत. सहा मिनिटं काय चाललं होतं?"

मी आपांकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्या काही बोलणार नव्हत्या, हे मला लख्ख कळलं. रक्त चढवत होते, एवढं मी म्हटलं असतं तरी भागलं असतं. खोटंही नव्हतं ते.

मी म्हटलं, "मी त्यांना माझा पासवर्ड देत होते. फॉर्म तुम्हीच भरा म्हणून सांगत होते. त्यांनी घेतला नाही. मला पाठवलं."

आपांनी डोळे मिटून घेतले, आणि मला वाटतं, त्यांनी श्वास सोडला.

मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या फाइलला अजून आहे आणि असू दे. आपांचं नाव पूर्ण मोकळं झालं. लायसन्स वेळेवर रिन्यू झालं. राशिदच्या पत्राला उत्तर गेलं, त्यात मिस हनाननी स्वतः लिहिलं की सिस्टर हलिमांनी आपलं काम अचूक केलं. आणि त्या सहा मिनिटांचं कारण त्यांनी मनावर घेतलं. दुपारच्या शिफ्टला तिसरी रजिस्टर्ड नर्स मिळाली. ती आम्ही दोन वर्षं मागत होतो.

त्या दिवशी मिस हनानच्या खोलीतून बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये मी आपांचा हात धरला. मला माफी मागायची होती.

"खलास," त्या म्हणाल्या. "खरं बोललीस ना? मग आता चेहरा का असा केलायस? तो माशांचा खोका फ्रीझरमध्ये तसाच पडलाय, चल, साफ करायचाय."

आणि खरोखरच त्या दुपारी ड्यूटी संपल्यावर क्वार्टर्सच्या स्वयंपाकघरात त्यांनी मला सुरमई कापायला शिकवली. मी पुण्याची, माझ्या हातात सुरी बघून त्यांना हसू आवरेना. इतक्या वर्षांत इतक्या मोठ्याने हसताना त्यांना मी तेव्हाच ऐकलं. मीही हसले. कितीतरी दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, आणि ते माझ्या एकटीच्याच नव्हे, हे मला त्यांच्या हसण्यावरून कळलं.

त्यानंतर वर्षभरानं आपांनी नोकरी सोडली. गुडघे बोलायला लागले होते. हॉस्पिटलने आणखी दोन वर्षांचं विचारलं. "आता पुरे," म्हणाल्या. मुलीने आपल्याकडेच राहायला बोलावलं होतं.

त्यांचं सामान मीच गाडीतून अल नहदाला नेलं. एक बॅग, एक प्रेशर कुकर आणि गोधड्यांचं गाठोडं, एवढंच. बिल्डिंगच्या दारात गाडी लावायला जागा नव्हती, वॉचमन "यल्ला मॅडम, गाड़ी हटाओ" म्हणून मागे लागलेला. नात खाली धावत आली. सहा वर्षांची, दोन वेण्या.

"नानी, are you staying for always?"

"होय गो. आता कुठे जाणार?"

"Really always?"

"अगो, बोलले ना!"

मी बॅग लिफ्टमध्ये ठेवली. आपांनी माझ्या गालावरून हात फिरवला, पण काही म्हणायच्या आत नातीने आनंदाच्या भरात लिफ्टची होती नव्हती ती सगळी बटणं दाबून टाकली. खालपासून वरपर्यंत. आपा "अगो, अगो" करत राहिल्या आणि मग त्यांनाच हसू फुटलं. दार बंद होताना दिसलं ते एवढंच: गाठोड्यावर टेकून हसणाऱ्या हलिमाआपा आणि त्यांच्या ओढणीला धरून उड्या मारणारी ती पोर.

वॉचमन मागून ओरडत होता. मी तिथेच उभी राहून लिफ्टवरचा आकडा बघत राहिले. पहिल्या मजल्यावर थांबला. दुसऱ्यावर थांबला. तिसऱ्यावर थांबला. त्यांना कसलीच घाई नव्हती.